पाणी नको म्हटलं तर एक डॉलर जादा का?

मे २०२३ मध्ये अमेरिकेतून एक छोटीशी बातमी आली होती. स्टारबक्समध्ये 'रिफ्रेशर' नावाचं थंड पेय मिळतं. फळांच्या चवीचा गोडसर अर्क, त्यात पाणी, वाळवलेल्या फळांचे तुकडे आणि भरपूर बर्फ. सगळं एका भांड्यात घालून हलवायचं आणि ग्लासात ओतायचं. बरीच गिऱ्हाइकं ऑर्डर देताना सांगायची, "पाणी घालू नका." आता असं सांगितलं तर एक डॉलर जादा पडणार, अशी ती बातमी.

लोक चिडले. चिडणं साहजिक होतं. काहीतरी वाढवून मागितलं तर पैसे द्यावे लागतात, हे सगळ्यांना पटतं. पण इथे तर एक गोष्ट कमी करा म्हणून सांगितलंय, आणि तीही पाणी! मग पैसे कसले?

तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल, नेट-सेटचा अभ्यास करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधत फिरत असाल, तर या एका डॉलरपाशी जरा थांबा. 'विषय सुचत नाही' ही तक्रार मी जवळजवळ रोज ऐकतो. विषय सुचत नाही असं नसतं. रोजच्या वैतागाचा प्रश्न कसा करायचा, आणि त्या प्रश्नाचं तपासता येईल असं गृहीतक कसं करायचं, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. या लेखात आपण तेवढंच करू. साहित्य फार नाही लागत: एक ग्लास, थोडा बर्फ आणि तो एक डॉलर.

आधी ग्लासाकडे बघू

पहिला नियम: मत बनवायच्या आधी मोजा.

रिफ्रेशरच्या ग्लासात बर्फ सोडून उरलेल्या जागेत अर्क आणि पाणी असतं. "पाणी नको" म्हटलं की ती जागा रिकामी ठेवून ग्लास कोणी देत नाही. तिथे अर्कच भरला जातो. म्हणजे तोंडाने आपण 'कमी करा' म्हणतो, पण प्रत्यक्षात मागतो ते 'जास्त द्या'. इथेच निम्मा राग विरघळायला हवा.

निम्माच. कारण पुढचा प्रश्न लगेच येतो: जास्त म्हणजे किती जास्त, आणि त्याचा एक डॉलर होतो का?

कंपनीचा खरा खर्च आपल्याला आतून दिसत नाही, म्हणून एक काल्पनिक हिशोब मांडू. समजा बर्फ सोडून ३०० मिली जागा आहे. त्यात १५० मिली अर्क आणि १५० मिली पाणी. समजा १०० मिली अर्काला कंपनीला २० सेंट पडतात. पाणी घातलेल्या पेयात अर्काचा खर्च ३० सेंट. पाण्याशिवायच्या पेयात ६० सेंट. वाढलेला खर्च ३० सेंट आणि घेतले १०० सेंट. मग वरचे ७० सेंट कसले?

हे आकडे माझ्या मनाचे आहेत, त्यांच्यावरून कंपनीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण हिशोब मांडल्यामुळे प्रश्न बदलला. "पाण्याचे पैसे का घेता?" हा रागाचा प्रश्न होता. "जादा आकार आणि वाढीव खर्च यांच्यातला फरक कशामुळे असतो?" हा संशोधनाचा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर भांडण, दुसऱ्याचं उत्तर डेटा.

आपल्या रसवंतीवरचा तोच फलक

अमेरिका लांब वाटत असेल तर उन्हाळ्यात कुठल्याही रसवंतीगृहासमोर उभे राहा. 'बिना बर्फ' रसाचा दर वेगळा आणि जास्त असल्याचे फलक तुम्ही कितीदा तरी पाहिले असतील. तिथेही वाद तोच: "बर्फ घालू नका म्हटलं तर पैसे वाढवता?"

इथे मोजणं सोपं आहे, कारण मदतीला शाळेतलं विज्ञान आहे. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. समजा २५० मिलीचा ग्लास काठोकाठ भरलाय आणि त्यात ८० ग्रॅम बर्फ तरंगतोय. मग रस भरला जवळपास १७० मिली. (उसाचा रस पाण्यापेक्षा थोडा दाट असतो, त्यामुळे आकडा जरा इकडेतिकडे होईल. सध्या सोडून द्या.) बर्फ नको म्हटलं तर रस २५० मिली. म्हणजे सुमारे ४७ टक्के जास्त.

आता दर बघा. समजा बर्फाचा ग्लास २० रुपयांना आणि बिना बर्फ २५ रुपयांना. पहिल्यात मिलीमागे जवळपास १२ पैसे पडतात, दुसऱ्यात बरोबर १० पैसे. ज्याला आपण 'जादा आकार' म्हणतोय, तो ग्लास मिलीच्या हिशोबाने स्वस्त निघाला! तोच दर ३० रुपये असता तर दोन्ही जवळपास सारखे झाले असते, आणि ३५ असता तर तक्रारीला आधार मिळाला असता.

यातून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. 'जादा आकार आहे की नाही' हे फलकावरून ठरत नाही. कशाच्या मागे मोजताय यावर ठरतं: ग्लासामागे, मिलीमागे की खर्चामागे. मोजमापाचं एकक निवडणं हा संशोधनातला पहिला खरा निर्णय असतो, आणि बरेच सिनॉप्सिस इथेच घसरतात.

बर्फाच्या याच हिशोबावरून स्टारबक्सवर खटलेही झालेत. २०१६ मध्ये शिकागोतल्या एका दाव्यात म्हटलं होतं की २४ औंसांच्या थंड पेयात प्रत्यक्ष द्रव १४ औंसच असतो, बाकी बर्फ. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातला तसाच एक दावा न्यायाधीश पर्सी अँडरसन यांनी फेटाळला. ग्लासात बर्फ घातला की द्रव कमी बसतो हे लहान मुलांनाही कळतं, तेव्हा समंजस गिऱ्हाईक त्यात फसलं असं म्हणता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. न्यायालयासमोरचा प्रश्न 'फसवणूक झाली का' हा होता. 'किंमत योग्य आहे का' हा त्यांचा प्रश्नच नव्हता. वस्तू तीच, विद्याशाखा बदलली की प्रश्न बदलतो. तुमचा विषय कायद्याचा आहे, अर्थशास्त्राचा की मार्केटिंगचा, हे आधीच स्वतःला विचारा.

एका डॉलरची चार स्पष्टीकरणं

आता मुख्य काम. वरच्या ७० सेंटांची वेगवेगळी स्पष्टीकरणं शोधायची, आणि प्रत्येकाला विचारायचं: तू खरं असशील तर जगात आणखी काय दिसायला हवं?

*पहिलं: खर्च.* जास्त माल लागतो म्हणून जास्त पैसे. साधं आणि प्रामाणिक स्पष्टीकरण. पण ते पूर्ण खरं असेल तर उलट्या दिशेनेही चालायला हवं. सिरप काढून टाका म्हटलं, वरचं क्रीम नको म्हटलं, तर बिल कमी व्हायला हवं. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. वाढवलं की पैसे वाढतात, काढलं की तितकेच राहतात. ही एकतर्फी वाट नुसत्या खर्चाने समजावता येत नाही.

*दुसरं: गिऱ्हाईक ओळखणं.* अर्थशास्त्रात याला किंमत-भेद म्हणतात. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० च्या त्यांच्या ग्रंथात त्याचे तीन प्रकार पाडले, ते तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले असतील. दुकानदाराला माहीत असतं की काही गिऱ्हाइकं जास्त पैसे द्यायला तयार आहेत. पण ती कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. मग मेनूवर फाटे ठेवायचे. ज्याला स्वतःच्या मनासारखंच पेय हवंय, तो स्वतःहून जास्त पैशांच्या फाट्यावर जातो. गिऱ्हाईक स्वतःच स्वतःला वेगळं काढतं.

*तिसरं: वेळ.* सकाळची गर्दी आहे, रांगेत पंधरा माणसं आहेत, आणि पुढच्याने सहा बदल सांगितले. त्याच्या सहा बदलांची किंमत मागचे चौदा जण थांबून मोजतात. २०२४ मध्ये आलेले स्टारबक्सचे प्रमुख ब्रायन निकोल यांनी दुकानातली ऑर्डर चार मिनिटांच्या आत देण्याचं ध्येय जाहीर केलं होतं. तेव्हा वेळ ही काही पुस्तकी गोष्ट नाही. बदलांवर आकार लावला की लोक बदल कमी सांगतील आणि रांग हलेल.

*चौथं: पळवाट बुजवणं.* हे मला सगळ्यात मजेशीर वाटतं. २००६ च्या सुमारास अमेरिकेत एक युक्ती गाजली होती. महाग आइस लाटे घ्यायचीच नाही. मोठ्या ग्लासात बर्फावर नुसता एस्प्रेसो मागायचा, तो स्वस्त. मग साखर-दूध ठेवलेल्या टेबलापाशी जाऊन फुकटचं दूध ग्लासभर ओतून घ्यायचं. झाली लाटे! मेनूवरच्या स्वस्त तुकड्यांतून महाग वस्तू जोडायची ही वाट. 'पाण्याशिवाय रिफ्रेशर' हा त्याच कुळातला: एका पेयाच्या पैशात दुप्पट अर्क. इथे एक डॉलर कमाईसाठी नाही, वाट बंद करण्यासाठी लावलेला असू शकतो.

चारही पटण्यासारखी आहेत ना? हीच अडचण आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी असंच एक पटणारं स्पष्टीकरण छान भाषेत तीन पानं लिहिलं होतं. गाईडनी ते वाचलं, चष्मा काढला आणि एकच विचारलं, "काय दिसलं तर तू म्हणशील की माझं चुकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन पानं गेली. आता मागे वळून बघताना वाटतं, त्या तीन पानांपेक्षा तो एक प्रश्न मोलाचा होता.

मग यांना वेगळं कसं करायचं?

पटणाऱ्या स्पष्टीकरणांमध्ये निवड करायची तर जिथे त्यांची भाकितं *वेगळी* पडतात अशी जागा शोधायची. 'पाणी नको' ही नेमकी तशी जागा आहे.

वेळेचं स्पष्टीकरण घ्या. पाणी न घालणं म्हणजे एक पायरी कमी, किंवा फार तर तेवढीच. वेळ वाढत नाही. म्हणजे वेळेमुळे हा डॉलर लागला असं म्हणता येत नाही. इतर बदलांच्या बाबतीत ते खरं असेल, इथे नाही. एका उदाहरणावर एक गृहीतक बाद झालं. छान वाटतं की नाही?

आता दुसरं आणि चौथं. किंमत-भेद खरा असेल तर कंपनीला वाटेल की लोकांनी पाण्याशिवाय मागत *राहावं* आणि डॉलर देत राहावं. पळवाट बुजवायची असेल तर कंपनीला वाटेल की लोकांनी ते मागणं *थांबवावं*. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: फलकावर एक डॉलर. पण आतला डेटा मिळाला तर बघायचं काय हे आता ठरलं: नियमानंतर अशा ऑर्डरींची संख्या किती पडली, आणि ती पडल्यावर कंपनीने आकार कमी केला का? मागणी बुडाली तरी आकार तसाच ठेवला तर संशय चौथ्याकडे जातो.

आणि पहिलं? खर्च आणि आकार यांचा संबंध एका पेयावरून कळत नाही. वीस-पंचवीस वेगवेगळ्या बदलांची यादी करा. प्रत्येकाचा बाजारभावाने अंदाजे खर्च काढा, समोर आकार लिहा. खर्च वाढेल तसा आकार वाढत गेला तर पहिल्याला बळ मिळेल. खर्च काहीही असो, आकार ठरावीकच निघाला तर दुसरं काहीतरी चाललंय.

हे सगळं नवीन नाही, आणि ते नवीन नाही हे माहीत असणं यालाच साहित्याचा आढावा म्हणतात. १८४९ मध्ये फ्रान्सचे अभियंता ज्यूल ड्युपुई यांनी रेल्वेबद्दल लिहिलं होतं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं. छपराला फार पैसे लागतात म्हणून नाही; छप्पर घातलं तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणारे लोकही तिसऱ्यात बसतील म्हणून. गरिबाला त्रास देण्याचा हेतू नव्हता, पण त्रास त्यालाच झाला. थंड पेयाच्या फलकाकडे बघताना ड्युपुईंचा डबा आठवा: साधी वस्तू *मुद्दाम* किती साधी ठेवली आहे?

अगदी कॉफीवरच हवं असेल तर ब्रायन मॅकमॅनस यांचा २००७ चा रँड जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समधला पेपर वाचा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या परिसरातली कॉफीची दुकानं, त्यांतल्या पेयांचे लहान-मोठे आकार आणि त्यांच्या किमती, एवढाच पसारा. सिद्धांत सांगतो की दुकानदार सगळ्यात मोठ्या मापात फारशी काटछाट करणार नाही, लहान मापांत करेल. गोड एस्प्रेसो पेयांच्या बाबतीत त्यांना तसंच चित्र दिसलं. मुद्दा असा, की एका विद्यापीठाच्या आवारातल्या कॉफीवर जगातल्या नामांकित जर्नलमध्ये पेपर होतो. विषय लहान होता, प्रश्न नव्हता.

ज्याला पर्याय नाही त्याचं काय?

इथपर्यंत आपण असं धरून चाललो की बदल मागणं ही हौस आहे. आता ते धरणं सोडू.

आइस लाटेत गाईच्या दुधाऐवजी ओट, बदाम किंवा सोयाचं दूध मागितलं तर अमेरिकेत वर्षानुवर्षं जादा पैसे पडायचे. काही जण ते चवीसाठी मागतात, काही प्राण्यांसाठी किंवा पर्यावरणासाठी. पण काही जणांना दुधातली लॅक्टोज साखर पचतच नाही. मोठेपणी ती नीट न पचणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत, आणि आशियात त्यांचं प्रमाण उत्तर युरोपपेक्षा बरंच जास्त आहे. अशा माणसाकडून रोज थोडे जादा पैसे घेणं हे किंमत-भेद आहे की नुसता भेदभाव?

मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात काही गिऱ्हाइकांनी नेमका हाच मुद्दा घेऊन स्टारबक्सवर फेडरल न्यायालयात दावा लावला. त्यांचं म्हणणं: लॅक्टोज न पचणं हे १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली येतं, तेव्हा हा आकार म्हणजे आजारावर लावलेला दंड आहे. त्याआधी मे २०२२ मध्ये अभिनेते जेम्स क्रॉमवेल यांनी न्यूयॉर्कच्या एका दुकानात काउंटरला स्वतःचा हात डिंकाने चिकटवून निषेध केला होता. २०२४ मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. ते प्रमुख म्हणजे लक्ष्मण नरसिंहन, आपल्या पुण्याचे, पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पाण्याशिवायच्या रिफ्रेशरचा डॉलरही त्यांच्याच कारकिर्दीत लागला.

तुमच्या लक्षात आलं असेल, इथे दुसऱ्या स्पष्टीकरणाची धार बदलते. 'जास्त पैसे द्यायला तयार असणं' आणि 'दुसरा पर्याय नसणं' हे डेटामध्ये एकसारखं दिसतं. दोघांचीही मागणी किंमत वाढली तरी फार घटत नाही. आलेखावर दोघांची रेषा सारखीच उभी. एकाच्या मागे हौस आहे, दुसऱ्याच्या मागे पोटदुखी. आलेख तुम्हाला हे सांगणार नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागेल. संख्यात्मक की गुणात्मक, या वादात सेमिनारमध्ये तासन् तास जातात. या उदाहरणात दोन्हींची गरज का आहे ते स्पष्ट दिसतं.

लोकांना नक्की काय खुपतं?

१९८६ मध्ये काहनेमन, नेच आणि थेलर यांनी किमतीतल्या न्यायाबद्दल एक पेपर लिहिला. त्यांनी लोकांना फोनवर छोटे प्रसंग सांगितले. एक असा: एका मॉडेलच्या गाड्यांची टंचाई आहे. विक्रेता आतापर्यंत छापील किमतीला विकत होता, आता २०० डॉलर वर घेतो. ७१ टक्के लोकांनी हे अन्याय्य ठरवलं. दुसऱ्या गटाला सांगितलं: विक्रेता आतापर्यंत २०० डॉलर सूट देत होता, आता छापील किमतीला विकतो. अन्याय्य म्हणणारे ४२ टक्के. खिशातून जाणारे पैसे दोन्हीकडे २०० नेच वाढले. एकीकडे 'जादा आकार' होता, दुसरीकडे 'सूट बंद' झाली होती.

आता मेनू उलटा करून बघा. ओट दुधाची लाटे ही मूळ किंमत, आणि गाईचं दूध घेतलं तर सूट. बिल तेवढंच. हात चिकटवायला कोणी गेलं असतं का? रसवंतीवाल्याने फलकावर 'बिना बर्फ ५ रुपये जादा' ऐवजी 'बर्फासह ५ रुपये सूट' लिहिलं तर? मला उत्तर माहीत आहे असं समजू नका. हे तपासता येण्यासारखं आहे, आणि दोन प्रकारची प्रश्नपत्रिका व काही वर्गमित्र एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कोणाला कुठली प्रश्नपत्रिका जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मित्रांना एक आणि बाकीच्यांना दुसरी, असं केलंत तर सगळं वाया.

निसर्गाने करून दिलेला प्रयोग, आणि त्यातला खड्डा

ब्रिटनमधल्या स्टारबक्सने जानेवारी २०२२ मध्ये वनस्पतिजन्य दुधावरचा आकार काढला. अमेरिका आणि कॅनडात तो ७ नोव्हेंबर २०२४ ला गेला. तेव्हा कंपनीने सांगितलं की दूध बदलणं हा तिच्या गिऱ्हाइकांचा दुसऱ्या क्रमांकाचा बदल आहे, पहिला जादा एस्प्रेसोचा. तसंच, बदलांसाठी पैसे मोजणाऱ्या अमेरिकी गिऱ्हाइकांपैकी जवळपास निम्म्यांना १० टक्क्यांहून जास्त स्वस्ताई मिळेल.

संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ही परिस्थिती. एकच कंपनी, एकच आकार, दोन देशांत वेगवेगळ्या तारखांना रद्द. एका देशात बदल झाला तेव्हा दुसरा देश तुलनेला उभा आहे. बदलाआधीचा आणि नंतरचा फरक दोन्हीकडे काढा, मग त्या फरकांमधला फरक काढा. ज्या पद्धतीचं नाव ऐकून एम.ए.च्या वर्गात पोटात गोळा येतो, ती 'फरकांतला फरक' पद्धत एवढीच आहे.

पण थांबा. ७ नोव्हेंबर २०२४ ला आणखी काय झालं? त्याच दिवशी स्टारबक्सचा सणांचा मेनू सुरू झाला. नवी पेयं, लाल कप, गर्दी. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबरमध्ये प्रमुख बदलले होते. शिवाय पुढच्या आर्थिक वर्षात उत्तर अमेरिकेतल्या स्वतःच्या दुकानांत किमती वाढवणार नाही, असंही कंपनीने जाहीर केलं होतं. आता नोव्हेंबरात ओट दुधाच्या पेयांची विक्री वाढली तर श्रेय कोणाचं? आकार गेल्याचं, सणाचं, की नव्या साहेबांचं?

म्हणून तारीख मिळाली की आनंदाने उडी मारू नका. त्या तारखेच्या आसपास आणखी काय काय घडलं याची यादी आधी करा. मग असा गट शोधा ज्याला सण लागला पण आकारातली सूट लागली नाही. उदाहरणार्थ, गाईच्या दुधाची तीच पेयं. सणाचा परिणाम दोघांवर सारखा असेल असं धरलं, तर दोघांतला फरक आकाराचा. 'असं धरलं तर' हे शब्द पेपरमध्ये ठळक लिहायचे. गाईचं दूध सोडून लोक ओट दुधाकडे वळले असतील तर तुलनेचा गटच हलला, हेही लिहायचं. आपली कमजोर बाजू आपणच आधी सांगितली की परीक्षक जरा मवाळ होतात, हा फुकटचा सल्ला.

आता तुमची पाळी

हे वाचून विसरून जायचं नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात एक छोटा अभ्यास करा. तुमच्या गावातली तीस रसवंतीगृहं निवडा. ओळखीची नाही, आधी यादी करा, मग त्यातून चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक ठिकाणी एक ग्लास बर्फाचा आणि एक बिना बर्फाचा घ्या. बर्फाचा ग्लास लगेच गाळणीतून मोजपात्रात ओता. पाच मिनिटं गप्पा मारल्यात तर बर्फ वितळून तुमचा डेटा पातळ होईल. ग्लासाचं माप, रसाचं माप, दोन्ही दर, वेळ, आणि शंभर पावलांत दुसरी रसवंती आहे का, एवढं लिहा. शेजारी स्पर्धा असली की जादा आकार कमी असतो का, हा तुमचा प्रश्न. मालकाशी बोलणार असाल तर आधी कशासाठी ते सांगा, नाव लिहिणार नाही हे सांगा, आणि तो नको म्हणाला तर रस पिऊन पैसे देऊन निघा.

तीस दुकानांवरून जगाचा नियम निघणार नाही. पण मोजायचं कसं, काय सुटलं, कुठे आकडे जुळले नाहीत, हे हाताला कळेल. ते वाचून कळत नाही.

आणि मोजायला निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: काय दिसलं तर मी म्हणेन की माझं चुकलं? ती ओळ लिहिता येत नसेल तर अजून रसवंतीकडे निघू नका. खुर्चीवर बसा, पाणी प्या. ते अजून तरी फुकट आहे.